इंजिनाला हाक कशी मारायची?

 

मागच्या वेळी आम्ही मिक्सरचे कार्बन कसे बदलायचे ते सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, की तुम्ही त्या रेल्वेवाल्या काकूंकडे आठ दिवस काय करत होता? गावात तर बातमी अशी पसरली, की आमचा गट आता रेल्वेत लागला. तेव्हा आज तेच सांगतो. त्यात आमच्या हातून एक मोठी चूकही झाली, तीही सांगतो. ती झाकून ठेवली तर सांगण्यात अर्थ नाही.

आम्ही पाच जणी. तालुक्याला विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि गटाच्या पैशातून सोल्डरची बंदूक, मल्टीमीटर घेऊन काम सुरू केलं. एलईडी बल्ब, इस्त्री, पंखे, मिक्सर. काकूंचा मिक्सर आम्हीच नीट केला होता, म्हणून त्यांनी निरोप धाडला, की वरच्या खोलीतल्या गाड्या बघायला या.

काकूंचं घर दौंडजवळ. काका रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता ज्यांना लोको पायलट म्हणतात ते. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. ते काकांनी पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. थोरला मुलगा जर्मनीत नोकरीला. तिकडं या छोट्या गाड्यांचं फार वेड आहे. तो दर खेपेला एकेक इंजिन आणायचा. वरच्या खोलीत दोन प्लायवूडवर रूळ, स्टेशन, बोगदा, सगळं काकांनी हातानं मांडलं. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान इंजिनं, आणि दोन रुळांमध्ये अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या करंगळीपेक्षा थोडं जास्त.

काकू म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी या रुळांवरची धूळ पुसली. बटणाला हात लावला नाही. हे म्हणायचे, तू पूस, गाडी मी चालवतो.” हे सांगताना त्या हसत होत्या, पण आमच्यातली एक मला कोपरानं ढोसून गेली. ते ढोसणं कशाबद्दल होतं ते तुम्हाला कळलं असेल.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. गाड्या तेव्हापासून उभ्या. धाकट्या मुलाला ती खोली हवी होती. त्यानं पुण्याहून एक जुन्या वस्तू घेणारा माणूस आणला. त्या माणसानं आपल्या जवळची १२ व्होल्टची साधी वीज रुळाला दिली, एकेक इंजिन ठेवून बघितलं. एकही हललं नाही. तो म्हणाला, सगळा बंद माल आहे, मिळून पंधरा हजार देतो. त्याला खरं माहीत नव्हतं, की माहीत असून बोलला नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. धाकटा तयार होता. काकूंनी मात्र आठ दिवस मागून घेतले आणि आम्हाला बोलावलं. आमची मजुरी ठरली तीन हजार, आणि तीही गाड्या चालल्या तरच.

आता ही गाडी चालते कशी, ते आधी सांगायला हवं.

पूर्वीच्या मॉडेल गाड्यांना रुळातून वीज मिळायची. वीज वाढवली की इंजिन पळायचं, कमी केली की थांबायचं, तारा उलट्या केल्या की मागं जायचं. सोपं होतं, पण त्यात अडचण अशी, की एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच पळणार. एक थांबव आणि एक चालव, असं करायचं तर रुळाचे तुकडे तोडून प्रत्येकाला वेगळा स्विच लावावा लागायचा.

मग जर्मनीत गीसेन गावच्या लेन्झ या कंपनीनं नवी पद्धत काढली. अमेरिकेत मॉडेल रेल्वेवाल्यांची एक जुनी संघटना आहे, १९३५ सालची. तिनं १९९०च्या दशकात ही पद्धत सगळ्यांसाठी प्रमाण म्हणून ठरवली. त्यामुळे एका कंपनीची पेटी आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन एकमेकांशी बोलू लागले. आपल्याकडं मोबाईलच्या चार्जरचं जे फार उशिरा झालं, ते त्यांनी तेव्हाच करून टाकलं.

या पद्धतीत रुळात वीज कायम असते, साधारण १४ ते १६ व्होल्ट. हात लागला तरी झटका बसत नाही. (ट्रान्सफॉर्मरच्या मागची तार मात्र घरातल्या विजेची, तिला तोच मान द्यायचा.) प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पाटी असते, तिला डिकोडर म्हणतात. प्रत्येक डिकोडरला एक नंबर. पेटीतून त्याच विजेवर स्वार होऊन हुकूम जातो: १४ नंबर, पुढं चल. हा हुकूम रुळावरच्या सगळ्या इंजिनांना ऐकू जातो, पण ज्याचा नंबर १४ तेवढंच हलतं. रेशनच्या दुकानात नाव पुकारतात तसंच. ऐकतात सगळ्या, उठते एकच.

हुकूम जातो तो आखूड आणि लांब ठोक्यांनी. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ५८ भाग वीज एका बाजूनं आणि ५८ भाग दुसऱ्या बाजूनं, हा झाला ‘एक’. शंभर-शंभर भाग झाले की ‘शून्य’. डिकोडर हे ठोके मोजतो. आम्हाला हे ऐकून गोंधळ्याच्या संबळाची आठवण झाली, तशी मोजणी पण लाखपट वेगानं.

म्हणजे ती इंजिनं पुण्याच्या माणसासमोर का हलली नसतील, याचा एक अंदाज आला. त्यांना कुणी नंबरानं हाक मारलीच नव्हती. काकांची पेटी आणि हातात धरायचा रिमोट कपाटात होता. पण नंबर कुठं होते? काकांची वही घरभर शोधली. मिळाली नाही. धाकटा म्हणाला, रद्दीत गेली असेल.

वही गेली तरी नंबर इंजिनात असतोच. डिकोडरमध्ये कप्पे असतात, मिसळणाच्या डब्यात असतात तसे, फक्त शेकड्यांनी. प्रत्येक कप्प्याला क्रमांक आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा, ० ते २५५ मधला. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा नंबर. तिसऱ्यात किती सावकाश सुटायचं. चौथ्यात किती सावकाश थांबायचं. पाचव्यात जास्तीत जास्त किती वेग. प्रोग्रॅमिंग, प्रोग्रॅमिंग म्हणतात ते एवढंच आहे मैत्रिणींनो: कप्पा उघडायचा, आतला आकडा वाचायचा, आणि हवा असेल तर बदलायचा.

हे वाचण्यासाठी रुळाचा एक वेगळा तुकडा लागतो. काकांनी तो केलेला होता, कडेला, वीतभर लांबीचा. बाकीच्या रुळाला तो प्लॅस्टिकच्या जोडानं जोडलेला, म्हणजे वीज इकडची तिकडं जाऊ नये. पेटीतून त्याला वेगळ्या दोन तारा. त्यावर एकच इंजिन ठेवायचं आणि पेटीला सांगायचं, पहिला कप्पा वाच. पेटी एकेक प्रश्न विचारते: आठवा खटका वर आहे का? सातवा आहे का? आणि इंजिनाला बोलता येत नाही, म्हणून ते उत्तर कसं देतं माहीत आहे? ‘हो’ असेल तर एक क्षणभर थोडी जास्त वीज ओढतं, निदान ६० मिलिअँपिअर, सेकंदाच्या हजार भागांतले सहा भाग. पेटीला ते कळतं. आणि ती वीज मोटारीतून जाते म्हणून इंजिन जागच्या जागी टिचकी मारल्यासारखं हलतं.

पहिल्या दिवशी एकाही इंजिनानं टिचकी मारली नाही. रिमोटवर सारखी चूक दाखवत होता. धाकटा दारात उभा राहून म्हणाला, “बघा, मेलेलीच आहेत.” आमच्यातल्या सगळ्यात धाकटीनं एक इंजिन उलटं केलं. चाकांवर काळा थर बसलेला. दोन वर्षांचं तेल आणि धूळ. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयपीए आणलं होतंच, ते कापसाच्या काडीला लावून सगळी चाकं पुसली, रूळ पुसला. दीड तास गेला. मग पुन्हा एक छोटं लाल इंजिन ठेवलं आणि पहिला कप्पा वाच म्हणून सांगितलं.

टिक, टिक, टिक. इंजिन हललं. रिमोटवर आकडा आला: ३.

तीन हा कारखान्यातून येतानाचा नंबर असतो, नवीन डिकोडर याच नंबरानं येतो. काकांनी याचा बदललाच नव्हता. लाल इंजिन मोठ्या रुळावर ठेवून ३ नंबरला हाक मारली, आणि ते दिवा लावून निघालं. काकू पलंगावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि इंजिनाबरोबर प्लायवूडच्या कडेकडेनं चालत एक फेरी मारून आल्या.

दुसरं छोटं हिरवं इंजिन १४ निघालं. तेही चाललं. हे दोन आकडे आम्ही वहीत लिहिले. आणि इथून पुढं आम्ही आनंदात वहीला विसरलो.

एकूण इंजिनं सात. तीन छोटी, तीन मोठी लांबलचक, आणि एक वाफेचं. तिसरं मोठं निळं इंजिन घेतलं, हे सगळ्यात भारी. वाचलं तर पहिल्या कप्प्यात ३. पण ३ म्हणून हाक मारली की लाल इंजिन पळायचं आणि निळं ढिम्म. आम्ही म्हटलं, दोघांचा नंबर एकच कसा चालेल, याला नवीन देऊन टाकू. १२ द्यायचं ठरलं. निळं इंजिन पुन्हा वीतभर तुकड्यावर ठेवलं. ते जरा मोठंच होतं, त्यामुळे मागची चाकं जोडाच्या पलीकडं गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. लाल, हिरवं, न वाचलेलं तिसरं छोटं, आणि दुसरी दोन मोठी, सगळी मोठ्या रुळावर उभी. आम्ही लिहिलं: पहिला कप्पा, १२.

आता बघा काय झालं. त्या वेगळ्या तुकड्यावर लिहिताना नंबरानं हाक मारायची नसते. समोर जो असेल त्यानं लिहून घ्यायचं, असा तो हुकूम असतो. म्हणून तर तिथं एकच इंजिन ठेवायचं. पण निळ्या इंजिनाची चाकं जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकली होती. धातूची चाकं, धातूच्या पट्ट्या. फटीवर पूल झाला, आणि हुकूम त्या पुलावरून सगळ्या रुळांत गेला. सहाच्या सहा इंजिनांनी आपला पहिला कप्पा पुसून १२ लिहून घेतलं.

आम्हाला हे कळलं ते असं: १२ ला हाक मारली, तर तिन्ही छोटी इंजिनं एकदम निघाली. लाल आणि हिरवं बोगद्याच्या तोंडाशी समोरासमोर धडकून पडलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते निळं इंजिन जागचं हललं नाही. दुसरी दोन मोठीही नाहीत.

एकेक करून वाचलं. १२, १२, १२, १२, १२, १२. काकांनी दिलेले सगळे नंबर आम्ही एका बटणानं पुसले होते. लाल-हिरव्याचे वहीत होते म्हणून वाचले. बाकीचे? आणि मोठी तीन तर १२ म्हटलं तरी ऐकत नव्हती. आमच्यातली एक रडायलाच लागली. पंधरा हजारांची वस्तू आम्ही आणखी बिघडवली, आता भरपाई कुठून द्यायची? गटाचं कर्ज आधीच डोक्यावर. त्यात लाईट गेली.

काकूंना सांगितलं. लपवलं नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “थोरल्याला फोन लावा.”

जर्मनीत तेव्हा दुपार होती. त्यानं सगळं ऐकलं आणि चिडला नाही. म्हणाला, मोठ्या इंजिनांचा २९ नंबरचा कप्पा वाचा आणि मला आकडा सांगा. लाईट आल्यावर वाचलं. या वेळी इंजिन मधोमध ठेवलं आणि बाकीची सगळी रुळावरून उचलून पाटावर ठेवली. छोट्या तिघांच्या २९ मध्ये आकडा होता २. मोठ्या तिघांच्या २९ मध्ये ३४.

हा ३४ समजून घ्यायला आम्हाला रात्र लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो. आपल्या आजी धान्य मोजायच्या ती मापं आठवा. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. डिकोडरच्या कप्प्यातली मापं अशीच आहेत: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आठ मापं, आणि प्रत्येक माप एकतर घेतलं किंवा नाही घेतलं. या आठांतून २५५ पर्यंतचा कुठलाही आकडा एकाच रीतीनं तयार होतो, दुसरी रीत नाही. आठही घेतली की २५५. तर ३४ म्हणजे ३२ आणि २. बस, दुसरं काही होऊ शकत नाही.

२९ नंबरच्या कप्प्यात प्रत्येक माप म्हणजे एक खटका. १ चा खटका लावला तर इंजिन उलट्या तोंडानं चालतं. २ चा खटका म्हणजे वेगाच्या पायऱ्या जास्त, चाल मऊ. ४ चा खटका लावला तर इंजिन जुन्या साध्या विजेवरही चालतं. ३४ मध्ये ४ नाही. २ मध्येही ४ नाही. काकांनी तो सगळ्या इंजिनांत बंद केला होता. म्हणजे पुण्याच्या माणसानं साधी वीज दिली तेव्हा चाकं स्वच्छ असती, तरी एकही इंजिन हललं नसतं. ते बंद पडलेलं नव्हतं, ती त्याला न समजणारी वीज होती.

आणि ३२ चा खटका? थोरला म्हणाला, “तो लागलेला असेल तर इंजिन पहिल्या कप्प्याकडं बघतच नाही. त्याचा नंबर चार आकडी असतो आणि तो १७ आणि १८ या दोन कप्प्यांत असतो. ते तुम्ही पुसलेले नाहीत. वाचा.”

पहिल्या कप्प्यात फक्त १२७ पर्यंतचेच नंबर चालतात, मोठा नंबर एका कप्प्यात मावत नाही, म्हणून दोन. निळ्या इंजिनाचा सतरावा कप्पा: १९९. अठरावा: १७९. याचा हिशोब पोती आणि सुट्या मालासारखा करायचा. सतराव्यात पोती, एका पोत्यात २५६. अठराव्यात सुटं. फक्त सतराव्या कप्प्यात खूण म्हणून १९२ आधीच मिळवलेले असतात, ते काढून टाकायचे. १९९ मधून १९२ गेले, राहिली ७ पोती. ७ गुणिले २५६ म्हणजे १७९२. त्यात सुटे १७९ मिळवले.

हिशोब आम्ही कागदावर करत होतो. आकडा आला १९७१. काकू खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या लग्नाचं साल.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. फोनवर थोरलाही नाही. मग १९७१ ला हाक मारली, आणि निळ्या इंजिनाचे दिवे लागले.

दुसऱ्या मोठ्याचे कप्पे १९९ आणि १८४. १९७६. थोरल्याचा जन्म. तो फोनवर म्हणाला, बाबांनी मला कधी सांगितलं नाही. तिसऱ्याचे १९९ आणि १८८. हा हिशोब धाकट्या मुलानंच केला, आमच्या हातातून पेन घेऊन. १९८० आला. त्याचं जन्मसाल. तो पेन ठेवून खाली निघून गेला. पुण्याच्या माणसाला नको म्हणून फोन त्यानंच केला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी काकूंकडून कळलं.

राहिलं ते न वाचलेलं तिसरं छोटं इंजिन. त्याचा काकांनी दिलेला नंबर गेला तो गेलाच. तो १२ च्या खाली पुसला गेला, परत आणायचा काही मार्ग नाही. आम्ही काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, याला मी नंबर देते. विचार करून २१ सांगितला. रेल्वे कॉलनीत त्यांचं क्वार्टर २१ नंबरचं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा राहिल्या ते. आम्ही इंजिन मधोमध ठेवलं, चाकं चारचारदा बघितली. रिमोट काकूंच्या हातात दिला. बटण त्यांनी दाबलं.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला, आणि तो मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्याला लावतो: हात लावायच्या आधी जे आहे ते वहीत लिहायचं. इंजिनाचं तर प्रत्येकाचं एक पान केलंय. कप्पा १, ३, ४, ५, १७, १८, २९. आधी काय होतं, आपण काय केलं, तारीख. वही काकूंच्या देवघरात असते, रद्दीत जाण्याची भीती नाही.

एक गंमत राहिली. निळं इंजिन हाक मारली की दिवे लावायचं, पण निघायला इतका वेळ घ्यायचं की आम्हाला वाटलं मोटार अडकली. तिसरा कप्पा वाचला तर ४५. त्या आकड्याला साधारण ०.९ नं गुणलं की सेकंद मिळतात, म्हणजे उभ्यापासून पूर्ण वेगाला जायला ४० सेकंद. चौथ्या कप्प्यात ३०, म्हणजे थांबायला २७ सेकंद. आम्ही म्हटलं, हे कमी करून ५ करू, पोरांना एवढा दम कुठला. काकूंनी हात धरला. “मालगाडी अशीच सुटते. हे म्हणायचे, पन्नास डबे ओढायचे तर घाई करून चालत नाही. राहू द्या.” राहू दिलं. आता काकूंना अंदाज आलाय. बोगद्यातून इंजिनाचं तोंड दिसलं की त्या वेग शून्यावर आणतात, आणि गाडी बरोबर फलाटाला येऊन टेकते. आमच्यातल्या कुणालाही अजून ते जमत नाही, सगळ्यांची गाडी फलाट सोडून पुढं जाते.

वाफेचं इंजिन मात्र खरंच गेलं होतं. उघडल्यावर कारण दिसलं. कुणाला असं काम करायचं असेल तर हे ध्यानात ठेवा. डिकोडरच्या तारांचे रंग ठरलेले असतात. लाल आणि काळी रुळाकडून येतात, नारिंगी आणि करडी मोटारीकडं जातात. निळी, पांढरी, पिवळी दिव्यांच्या. मोटारीच्या दोन टोकांना नारिंगी आणि करडी सोडून दुसऱ्या कशाचाही स्पर्श होता कामा नये. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत मोटारीचं एक टोक इंजिनाच्या लोखंडी अंगालाच टेकलेलं असतं, आणि त्या अंगात रुळाची वीज असते. काकांनी जुन्या इंजिनात नवीन डिकोडर बसवताना ते टोक वेगळं करायचं राहून गेलं असावं. पाटी काळी पडली होती, वास अजून येत होता. डिकोडर बसवण्याआधी मल्टीमीटर लावून बघायचं, मोटार आणि चाकं यांच्यात पीं वाजलं की थांबायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते टोक आता प्लॅस्टिकच्या तुकड्यानं वेगळं करून ठेवलंय.

मजुरी काकूंनी पूर्ण दिली. आम्ही तिसऱ्या इंजिनाच्या नंबराचे म्हणून पाचशे कमी घ्यायला निघालो, तर त्यांनी ऐकलं नाही. वर एक पातेलं भरून शिरा दिला.

शनिवारी दुपारी शाळेतल्या मुली येतात. काकू त्यांना आधी चाकं पुसायला लावतात, मग रिमोट देतात. पहिल्यांदा २१ नंबर, तो नीट चालवला तर १४, आणि निळं इंजिन फक्त बघायचं. वाफेचं काचेच्या कपाटात आहे. नवीन डिकोडर दोन हजारांच्या वर पडतो. थोरला दिवाळीला येताना घेऊन येणार आहे. काकूंनी त्याचा नंबर ठरवून ठेवलाय, पण आम्हाला अजून सांगितलेला नाही.